अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

आज एका म्हणीपासून सुरुवात करतो. नाचता येईना, अंगण वाकडं. ही म्हण आपण कुणाला ऐकवतो? स्वतःची उणीव झाकायला जो जागेला दोष देतो, त्याला. म्हणजे अंगण सरळच आहे, हे आपण आधीच धरून चाललेलो असतो. अपंगांच्या हक्कांचा जो विचार गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत उभा राहिला, त्यानं एक साधा प्रश्न विचारला. अंगण कुणी तपासलं आहे का?

माझा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा थोडं तिकडून जाऊ. सांख्यांचा पंगु-अंध न्याय तुम्ही ऐकला असेल. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत तो आहे. पुरुषाला दिसतं, पण तो काही करत नाही, म्हणून तो पांगळा. प्रकृती सगळं करते, पण तिला जाण नाही, म्हणून ती आंधळी. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, वाट दाखवतो आणि दोघं मुक्कामी पोचतात. दृष्टान्त सुरेख आहे, वर्षानुवर्षं मी तो वर्गात रंगवून सांगितला. पण त्यात दोन गोष्टी नीट बघा. मुक्काम आला की दोघांची वाट वेगळी होते, म्हणजे हे नातं गरजेपुरतं. आणि दुसरी गोष्ट, रस्ता कसा होता याबद्दल कुणीच काही विचारत नाही. उणीव असायची ती या दोघांत. रस्ता आपला निर्दोष!

हा दृष्टान्त मी एका महाविद्यालयात डोळ्यांनी पाहिला. नाव कशाला घ्यायचं? पोलिओ झालेला एक मुलगा, पायाला कॅलिपर. एम.ए.चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मित्र त्याला खुर्चीत बसवून वर न्यायचे. स्नेहसंमेलनात त्या मित्रांचा सत्कारसुद्धा झाला. त्या मुलाचं म्हणणं वेगळंच होतं. "सर, यांची परीक्षा आली की माझा तास बुडतो. आणि मला लघवीला जायचं असलं, तर चौघांना सांगावं लागतं." त्यानं वर्ग तळमजल्यावर घेण्याचा अर्ज दिला. तो कार्यालयात दोन महिने पडून राहिला. शेवटी वेळापत्रकात एक ओळ बदलली आणि काम झालं. एक रुपया खर्च आला नाही. त्याचे पाय होते तसेच राहिले, पण अडचण गेली. मग अडचण होती कुठे?

आपल्या लातूरकरांना हे दुसऱ्या तऱ्हेनं ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप रिश्टरच्या मापानं सहा-साडेसहाच्या आसपासचा. तेवढ्याच तीव्रतेचा धक्का दुसऱ्या एखाद्या देशात बसला, तर कपाटातली भांडी पडतात. इथं हजारो माणसं गेली, कारण चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. धक्का जमिनीचा, पण माणसं घरांखाली मेली. आपत्ती जमिनीत एकटी नसते, घरातही एकटी नसते. ती दोघांच्या गाठीत असते. अपंगत्वाचंही नेमकं तसंच आहे. शरीरातली उणीव आणि बाहेरचा अडथळा यांची गाठ पडते, तेव्हा माणूस अपंग होतो.

या भूकंपानं कितीतरी जणांचे पाय, पाठीचे कणे मोडले. पुढं पुनर्वसनात नवी गावं झाली, घरं भूकंपरोधक झाली. भूकंपातून आपण भिंत शिकलो, हे मोठंच काम. पण नवी गावं ऐसपैस पसरली. जुन्या गावात गल्लीतून चार पावलांवर असलेलं शेजारघर लांब गेलं. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. कुबड्यांवर चालणाऱ्याला विचारा, लांब म्हणजे काय.

आता कायदा. संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा, भारतानं तो २००७ मध्ये स्वीकारला. त्यावरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, अमलात आला एप्रिल २०१७ मध्ये. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. पण माझ्या मते खरा फरक आकड्यांत नाही, 'वाजवी सोय' या कल्पनेत आहे. नांदेडकरांना ती लंगरचं उदाहरण घेऊन सांगतो. पंगत एक, जमीन एक, राव-रंक शेजारी-शेजारी. समतेचं याहून चांगलं चित्र नाही. आता एखाद्याला मांडीच घालता येत नाही. त्याला तुम्ही पाट द्याल, बाक द्याल. त्यानं पंगत मोडली का? उलट, बाक नाकारला तर तो पंगतीबाहेर गेला. कायदा हेच म्हणतो. वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव. देणाऱ्याच्या कुवतीबाहेरचा बोजा पडत असेल तर गोष्ट निराळी, पण तसं दाखवून द्यावं लागेल. नुसतं "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे उत्तर चालणार नाही.

लातूर पॅटर्नची मुलं इथं बरीच दिसताहेत, त्यांच्यासाठी एक निकाल सांगतो. ओमकार गोंड विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, ऑक्टोबर २०२४. विद्यार्थ्याला वाचा आणि भाषेचं अपंगत्व, चाळीस टक्क्यांच्या वर. त्यानं एम.बी.बी.एस.साठी अर्ज केला. गंमत बघा. राखीव जागेसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्व हवं, आणि त्याच्या प्रकारात तेव्हा नियम असा होता की चाळीस टक्के भरलं की प्रवेशालाच अपात्र! तर्कशास्त्राच्या पेपरात मी असलं विधान घातलं असतं, तर मुलांनी मोर्चा काढला असता. न्यायालयानं सांगितलं, टक्केवारी पाहून दार लावू नका. हा मुलगा हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, ते मंडळानं तपासावं. त्या निकालात सुधा चंद्रन यांचंही नाव येतं. म्हणजे पुन्हा नाच आलाच. मला मात्र अशा विक्रमवीरांच्या यादीची थोडी धास्ती वाटते. उद्या साध्या, मध्यम बुद्धीच्या अपंग मुलाला कुणी विचारायचं, तू एव्हरेस्ट का चढला नाहीस? तुमच्या-माझ्यासारखं साधारण असण्याचा हक्क त्यालाही आहे की.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: "दिव्यांग म्हणावं की अपंग?" कायद्याच्या कागदावर दिव्यांग लिहा. समोरच्या माणसाला विचारा आणि तो सांगेल ते म्हणा. पण शब्दावर संध्याकाळ घालवू नका.

दुसरी चिठ्ठी एका सरपंचताईंची: "ग्रामपंचायतीनं नेमकं काय करायचं?" ताई, स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तुम्हाला बंधनकारक आहे. तो पैसा कशावर जावा, हे गावातल्या अपंगांना बसवून विचारा, मार्चअखेरला घाईनं वाटून टाकू नका. आणि कार्यालयासमोर रॅम्प करणार असाल, तर गवंड्याला एक हिशेब सांगा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तुमचा ओटा दीड फूट असेल तर अठरा फूट. जागा नाही म्हणून सहा फुटांत उरकलं, तर ती घसरगुंडी होते, आणि तिच्यावर मग सरपंचांची मोटरसायकल तेवढी चढते. दोन्ही बाजूंना धरायला दांडा लावा. आधी शेवटपर्यंत फरशी आहे ना, ते बघा. पुष्कळ ठिकाणी रॅम्प चिखलात उतरतो.