चषकांपलीकडचे माप

फुटबॉलच्या माणसाची थोरवी आपण सहसा त्याच्या चषकांवरून ठरवितो. आम्हांस हे माप अपुरे वाटते. चषक एका मोसमाचा निकाल सांगतो. त्या माणसामुळे किती जण खेळते झाले, हे सांगत नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे कार्य आरंभिले. त्यांतली काही मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. काही स्वतः प्रशिक्षक झाली. शिकलेला शिकवू लागला, की प्रभाव पिढ्यान्‌पिढ्या वाढतो. २०२२ चा 'झुंड' चित्रपट याच कार्यावर बेतलेला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांनी चषक मोजण्यापूर्वी एवढेच विचारावे: आपल्या वस्तीतले कोणते मूल अजून मैदानाबाहेर उभे आहे?