नागिणीचा परतीचा प्रवास

सकाळच्या वेळी कोलकात्याच्या सियालदह स्थानकावर उभे राहून पाहावे. बनगाव, राणाघाट, कॅनिंग, डायमंड हार्बर अशा गावांहून माणसांनी गच्च भरलेल्या लोकलगाड्या एकामागून एक येऊन रिकाम्या होत असतात. हे शेवटचे स्थानक. गाडी येते, फलाटावर विसावते आणि आल्या रुळांनीच परत जाते.

वसंत ऋतूत या गर्दीतून एक फुकट्या प्रवासीही हिंडत असतो. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला बंगालीत 'जलबसंत' म्हणतात, आपण कांजिण्या म्हणतो. हवेतून तो सहज पसरतो. स्थानकापासून जवळच बेलेघाटा येथे संसर्गजन्य रोगांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. अवघड झालेले रुग्ण तिथे जातात. बाकीची मुले घरीच आठ-दहा दिवसांत बरी होतात. खपल्या पडतात, कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ होते आणि आई सुटकेचा निःश्वास टाकते.

विषाणू मात्र गेलेला नसतो!

शरीरातले सियालदह

हा विषाणू 'हर्पिस' कुळातला. कांजिण्यांच्या वेळी तो त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो. मज्जातंतूच्या आत सूक्ष्म नळ्यांचे जणू रूळच असतात. त्यांवरून तो पाठीच्या कण्याकडे सरकतो. रक्तावाटेही तो तिथे पोहोचतो. मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना मज्जापेशींच्या लहान गाठी असतात. हे त्याचे शेवटचे स्थानक. पेशीच्या केंद्रकात तो नुसता पडून राहतो, अगदी पन्नास-साठ वर्षेसुद्धा. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते.

वय वाढले, मधुमेह किंवा कर्करोगासारखे दुखणे आले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली, की पहारा ढिला पडतो. विषाणू जागा होतो, स्वतःच्या प्रती काढू लागतो आणि त्या गाठीतल्या शेजारच्या पेशींमध्ये पसरतो. मग आल्या वाटेनेच त्वचेकडे परततो. वाटेत मज्जातंतू सुजतो, म्हणून आधी एकाच बाजूला आग, ठणका किंवा मुंग्या येतात आणि दोन-चार दिवसांनी पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो. हीच नागीण. गंमत अशी, की 'हर्पिस' या शब्दाच्या मुळाशी सरपटणे असा अर्थ असलेला ग्रीक शब्द आहे. दूरदूरच्या दोन भाषांना एकच प्राणी आठवला!

क्वचित हा विषाणू त्वचेऐवजी आतल्या बाजूला, थेट मज्जारज्जूत शिरतो. तेव्हा पायांतली शक्ती जाते, लघवी अडते. अशा वेळी तासभरही न दवडता रुग्णालय गाठावे.

विळखा पुरा होतो का?

'नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो,' ही भीती आपल्या घराघरांत आहे. तिचे उत्तर १९०० साली हेन्री हेड आणि ए. डब्ल्यू. कॅम्पबेल या डॉक्टरांच्या अभ्यासात मिळाले. नागीण झालेल्या मृत रुग्णांच्या मज्जागाठी तपासून त्यांनी कोणती गाठ त्वचेच्या कोणत्या पट्ट्याशी जोडलेली आहे, याचा नकाशाच तयार केला. कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतला एक डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे. विषाणू बहुधा एकाच गाठीत जागा होतो, म्हणून फोड शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतात. प्रतिकारशक्ती फारच खालावली असेल तर ते अंगभर उठू शकतात. तो धोका खरा, पण विळख्याची गोष्ट खरी नव्हे.

नागीण बाहेरून येत नाही, ती बालपणीच्या कांजिण्यांतलीच, हा विचार एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधील साध्या फॅमिली डॉक्टरांनी वर्षानुवर्षे आपल्याच रुग्णांच्या नोंदी ठेवून १९६५ मध्ये मांडला.

पहिले तीन दिवस

मंत्र आणि गेरूचा लेप यांत जे दिवस जातात, तेच मोलाचे असतात. असायक्लोव्हिर आणि त्याच्या जातीची औषधे विषाणूच्या प्रती काढण्याचे काम रोखतात. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू झाली तर उत्तम. उशीर झाला तरी डॉक्टरांकडे जावेच. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. दृष्टीचा प्रश्न असतो. फोड गेल्यावरही काही वृद्धांना महिनोन् महिने ठणका छळतो. 'आजोबा उगाच कण्हतात' असे म्हणू नये. ते दुखणे खरे असते आणि त्यावर वेगळी औषधे आहेत.

फोडांतल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकावेत आणि गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांपासून दूर राहावे.

पन्नाशीनंतर घ्यायची दोन मात्रांची लस भारतात २०२३ पासून मिळते. ती स्वस्त नाही, पण आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून पाहावे. गाडी फलाटावर उभी आहेच. ती सुटणार नाही एवढी काळजी आपण घ्यायची.