अंगठा आणि अनुमती

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावात, जेथे सोयाबीन आणि तुरीच्या भरवशावर वर्षाचा जमाखर्च बसवावा लागतो, तेथे संजय गांधी निराधार अथवा श्रावणबाळ योजनेचे दरमहाचे पंधराशे रुपये ही पुष्कळदा घरातील एकमेव निश्चित मिळकत असते. आणि ती एखाद्या निरक्षर, थकलेल्या वृद्धेच्या नावावर जमा होत असल्यामुळे, तिच्या क्षेमकुशलापेक्षा तिच्या पासबुकाची चौकशी अधिक आस्थेने होऊ लागते. वृद्धांना लुबाडणारा म्हटला की दूरध्वनीवरून धमकावणारा परका भामटा आपल्या मनात उभा राहतो. परंतु खेड्यातील अपहार बहुधा ओळखीच्या माणसाच्या हातून, आणि तोही मायेच्या भाषेत घडतो.

आता बँकेची पायरी चढण्याचेही कारण उरलेले नाही. गावातला बँक मित्र लहानसे यंत्र पुढे करतो, आधार क्रमांक घालतो, म्हातारी बोट टेकवते आणि रक्कम निघते. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. तालुक्याची खेप वाचते. पण खुरपणी-वेचणीने झिजलेल्या बोटांचे ठसे सहजी उमटत नाहीत, आणि “आजी, बोट उमटलं नाही, पुन्हा ठेवा” हे वाक्य जसे खरे असू शकते, तसेच ते एका मागणीवर दोनदा रक्कम काढण्याचे निमित्तही होऊ शकते. पावती मिळाली तरी ती वाचणार कोण? अंगठा तिचाच आहे, याची ग्वाही यंत्र देते. तिची अनुमती आहे किंवा कसे, हे विचारण्याची योजना त्यात नाही.

अंगठ्यामागील संमतीचा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावा आणि त्यातील मजकूर त्याला समजावून सांगितला जावा, अशी तजवीज होती. वऱ्हाड त्या कायद्याच्या हद्दीबाहेर राहिला. तरी दुर्बलाचा अंगठा उमटण्यापूर्वी एखाद्या त्रयस्थ, जबाबदार माणसाने मध्ये थांबून विचारणा करावी, हे त्यातील तत्त्व मला आजच्या कित्येक नियमावल्यांहून शहाणपणाचे वाटते.

त्या तत्त्वाचा अवशेष बँकांच्या नियमांत आढळतो. आजारी अथवा अपंग खातेदाराला सही करता येत नसेल, तर त्याच्या अंगठ्याला दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्यास बँकांना सांगितले. त्याच वर्षीच्या जुलैच्या परिपत्रकाने, खातेदाराचा काही दोष नसताना झालेला अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास त्याच्यावर तोशीस पडू नये, असे ठरविले. मात्र गुप्त संकेतांक त्याने स्वतःच सांगितला असेल, तर तक्रार नोंदवीपर्यंतचा तोटा त्याचाच. आणि भीतीने वा पुतण्याच्या आग्रहाने मिळविलेली संमती कागदोपत्री संमतीच ठरते. १ जानेवारी २०२६ पासून आधारयंत्र चालविणाऱ्या मध्यस्थांची कसून पडताळणी करणे बँकांना बंधनकारक झाले आहे, हे मात्र योग्य झाले.

मध्ये थांबून विचारल्याने काय साधते, याचे उदाहरण हैदराबादेत आहे. तेथील सिंधी कॉलनीतील स्टेट बँकेच्या शाखेत नोव्हेंबर २०२४ मध्ये एक ज्येष्ठ खातेदार मुदत ठेवी मोडून तेरा लाख रुपये पाठविण्यासाठी आले असता, त्यांची उत्तरे जुळेनात म्हणून कर्मचाऱ्यांनी व्यवहार लांबविला आणि तथाकथित ‘डिजिटल अटके’तून त्यांची सुटका झाली. ब्रिटनमध्ये अशी शंका आली की शाखेने थेट पोलिसांना पाचारण करावे, अशी पद्धत २०१६ पासून रूढ झाली, आणि २०२४ पासून संशयास्पद हस्तांतरण बहात्तर तासांपर्यंत रोखण्याची मुभा बँकांना मिळाली. आपल्याकडील रोखपालाला मात्र शंका आली तरी, उद्या आपल्यावरच अडवणुकीची तक्रार होईल, ही धास्ती असते.

त्याची धास्ती निराधार नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला आपल्या नातवाला खुशीने पैसे द्यावयाचे असतील, तर बँकेने तिचे पालकत्व पत्करण्याचे कारण नाही. म्हातारपण म्हणजे अज्ञान नव्हे. परंतु सोबतच्या माणसाला क्षणभर बाहेर बसवून, “आजी, हे पैसे कोणासाठी काढताय?” असे तिच्याच बोलीत विचारणे, संयुक्त खात्यात नाव घातलेल्याला किंवा मुखत्यारपत्र दिलेल्याला कोणते अधिकार मिळतात, हे अंगठ्यापूर्वी सांगणे, शिल्लक मोठ्याने न ओरडता तिला ऐकविणे, यांत तिच्या स्वातंत्र्याचा संकोच होत नाही.

सांभाळण्याच्या अटीवर लिहून घेतलेली मालमत्ता घेऊन सांभाळ न करणाऱ्याचे हस्तांतरण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार रद्द होऊ शकते, आणि त्यासाठीचे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडे असते. पण बँकेचा कर्मचारी आणि हे न्यायाधिकरण यांची एकमेकांशी गाठ सहसा पडत नाही. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने ती घालून द्यावी: शंका आल्यास शाखेने कोणाला कळवावे, हे लेखी ठरवावे, आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ व सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे क्रमांक प्रत्येक बँक मित्राच्या दारावर ठळक अक्षरांत लावावेत. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.