सूत्रे पाठ, पाढे कच्चे

९७ × ९६ किती? शंभराला ९७ तीनने कमी, ९६ चारने कमी. ९७ मधून ४ वजा केले की ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. झटपट गणिताच्या वर्गात असे उदाहरण करून दाखवतात, पालक थक्क होतात, आणि त्याच दमात सांगितले जाते की हे सारे वेदांत लिहिलेले आहे.

तसे नाही. या वर्गांत शिकवतात ती सोळा सूत्रे पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या पुस्तकातली. ते १९६० मध्ये वारले, पुस्तक १९६५ मध्ये निघाले. अथर्ववेदाच्या उपलब्ध परिशिष्टांत ही सूत्रे शोधू नयेत, हे पुस्तकच एक नवे परिशिष्ट मानावे, अशा अर्थाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनी प्रास्ताविकातच मोकळेपणाने लिहिले आहे. पण प्रास्ताविक वाचतो कोण!

म्हणून रीत खोटी ठरत नाही. (१०० − ३) × (१०० − ४) हे कंस सोडवा: १०० × (१०० − ३ − ४) + १२. शाळेतले साधे बीजगणित.

‘एक युक्ती आली की सगळे गुणाकार सुटतात’ हेही असेच. तीच रीत ६७ × ५८ ला लावून बघा. शंभराला ३३ आणि ४२ कमी, म्हणजे आधी ३३ × ४२ करत बसा. आगीतून फुफाट्यात! इथे ५८ चे ६० करावेत. ६७ × ६० = ४०२०, त्यातून दोनदा ६७ म्हणजे १३४ काढले की ३८८६. संख्या बघून वाट निवडायची, खरे कसब तेवढेच. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त १३५ × १२ या एकाच उदाहरणाच्या कितीतरी वाटा आहेत. १२ चे ८ आणि ४ करा; आधी ३ ने, मग ४ ने गुणा; १० आणि २ करा; नाहीतर सरळ २० ने गुणून आठपट वजा करा. कुठूनही गेलात तरी १६२०.

‘युक्त्या आल्या, आता पाढे कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी वरची उदाहरणे पाढ्यांशिवाय सोडवून दाखवावीत. आपल्याकडे तर पूर्णांकांच्या पाढ्यांवर न थांबता पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. २८ रुपये किलोचे कांदे साडेतीन किलो घेतले, तर औटकीवाला ९८ म्हणून मोकळा. ती येत नसेल तर अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी, वर निम्मे चौदा.

११ ने गुणताना दोन अंकांची बेरीज मधे ठेवायची, हे मुले बरोबर सांगतात आणि ७८ × ११ चे उत्तर ७१५८ लिहितात. ७ आणि ८ चे पंधरा; हातचा एक डावीकडे जातो. उत्तर ८५८.

शेवटचा गैरसमज ताळ्याचा. ३७ × २४ = ८८८. अंकांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करत जा: ३७ चा १, २४ चा ६, गुणाकार ६, ८८८ चाही ६. ताळा जुळला. पण ८७९ लिहिले असते तरी तो जुळलाच असता, कारण नऊने किंवा नवाच्या पटीने झालेली चूक या ताळ्याला दिसत नाही. ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक. जुळला तर फक्त बरोबर असू शकते. त्यासोबत शेवटचा अंकही पाहावा: साती चोक अठ्ठावीस, म्हणजे उत्तराच्या शेवटी ८ हवा. ८७९ तिथेच पकडले जाते.