बेट की विखुरलेले बी?

रोगाचा एखाददुसरा रुग्ण आढळला, की इंग्रजी बातमीत दोन ठरावीक शब्दजोड्या येतात: ‘आयसोलेटेड केस’ आणि ‘स्पोरॅडिक केसेस’. मराठीत आपण दोन्हींना ‘तुरळक’ म्हणून मोकळे होतो. शब्दांशी संसार करणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र त्यांतला फरक मोलाचा वाटतो.

‘आयसोलेटेड’च्या मुळाशी लॅटिनमधले बेट आहे. या रुग्णाचा दुसऱ्या रुग्णाशी संबंध दिसत नाही, असा त्याचा भाव. ‘स्पोरॅडिक’चे मूळ ग्रीक, बी विखरण्याशी त्याचे नाते. रुग्ण अधूनमधून, इथेतिथे आढळतात, म्हणून हा शब्द बहुधा अनेकवचनी ‘केसेस’शी जमतो. आणि ‘आयसोलेटेड पेशंट’ म्हटले, की अर्थच पालटतो. तो इतरांपासून वेगळा ठेवलेला रुग्ण!

यांतला कोणताही शब्द ‘काळजी नको’ असे सांगत नाही. जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एका बालिकेला पोलिओ झाला. केस एकच; पण तिला बेट समजून कोणी स्वस्थ बसले नाही. त्या भागात लसीकरणाच्या फेऱ्या झाल्या. वाइल्ड पोलिओ विषाणूची भारतातली ती शेवटची केस ठरली. मार्च २०१४मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

तेव्हा ‘तुरळक’ वाचून पान उलटू नका. ते बेट आहे की विखुरलेले बी, हे शोध घेतल्यावरच कळते. आणि बी रुजायला वेळ लागत नाही.