हॅमचा परवाना आणि ओहमचा नियम

माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा वहिनीचा फोन दोन दिवस बंद होता. वीजच नाही, तर मोबाइल चार्ज कसा करणार? इकडे मी देव पाण्यात घालून टीव्हीसमोर. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज ऐकला आणि रडूच आलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर! तेव्हा ठरवलं, हॅम रेडिओ शिकायचा. (मुहूर्त मात्र यंदा लागला.)

बॅटरीवर चालणारा, मोबाइल टॉवरशिवाय बोलणारा हा हौशी लोकांचा बिनतारी संच. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडले आणि अंदमानातले निरोप त्यांच्या संचावरून बाहेर गेले.

पण संच आणला आणि लागलं बोलायला, असं नाही हं मैत्रिणींनो! केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा आहे. वय १२ पुरे, पदवीची अट नाही. 'जनरल' श्रेणीला मोर्स कोडही लागतो, मिनिटाला ८ शब्द. मी आपली 'रिस्ट्रिक्टेड' धरली. तरी नियम आणि रेडिओचं तंत्र हे दोन भाग आहेतच. नियम पाठ केले. तंत्राचं पुस्तक उघडलं, तर सुरुवातीलाच ओहमचा नियम! वहिनी हसत म्हणाली, "वन्सं, तुम्ही तर आर्ट्सच्या!" मलाही वाटलं, मिक्सर लावताना कुणी असलं विचारतं का?

उत्तर अँटेनाच्या धड्यात सापडलं. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७ मेगाहर्ट्झला साधारण ४३ मीटर. तार त्याच्या निम्मी, म्हणजे जवळजवळ चार सहावारी साड्यांएवढी! माप चुकलं, तर शक्ती हवेत जाण्याऐवजी संचाकडे परत फिरते, संच तापतो, जळूही शकतो. पुराच्या रात्री दुरुस्तीला कोण येणार? शिवाय बिघडलेल्या संचाची लहर पोलिसांच्या, विमानांच्या बोलण्यात घुसायची. मोबाइल तयार मिळतो. हॅमला संच स्वतः जुळवायची मुभा आहे, म्हणून ही परीक्षा. पटलं मला.

अर्ज भरलाय. काल गच्चीवरची कपड्यांची दोरी मोजली, १७ मीटर भरली. चार मीटर कमी पडतात. शेजारच्या काकूंना विचारायचंय, त्यांच्या नारळाला तार बांधू देतील का.