ई-मेलची किल्ली

"मावशी, किल्ली कुणाकडे आहे?" भाचीनं विचारलं आणि मी कमरेचा जुडगा काढून केंद्राच्या कपाटाची किल्ली तिच्यापुढं धरली. ती हसायलाच लागली. "अगं ही नाही, ई-मेलची!"

ती मात्र आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. आमचं महिलांसाठीचं छोटं सल्ला केंद्र. २०१७ मध्ये मदतीला येणाऱ्या एका मुलानं आम्हाला एका फुकट सेवेवर खातं उघडून दिलं, स्वतःचा मोबाइल नंबर घालून. पुढं तो परदेशी गेला, तो नंबर बंद झाला. २०२३ च्या जूनमध्ये आमचा संगणक बिघडला, दुसरा आणला, तर खातं म्हणे, त्या नंबरवर आलेला आकडा सांगा! आता कुठून सांगणार? सहा वर्षांची पत्रं, बायकांच्या तक्रारी, दवाखान्याच्या कागदांचे फोटो, सगळं आत आणि आम्ही बाहेर. अर्ज भरून दमलो. बोलायला पलीकडं माणूसच नाही.

भाची तेव्हा संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. म्हणाली, "स्वतःचा सर्व्हर टाकू या की." मैत्रिणींनो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. सर्व्हर म्हणजे पुण्या-मुंबईत ए.सी.च्या खोलीत असतो एवढंच मला ठाऊक. तिनं समजावलं, की ई-मेलची रीतच मुळात टपालासारखी आहे. रे टॉमलिन्सननं १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवलं, तेव्हापासून कुणीही आपलं टपालघर उघडावं आणि दुसऱ्याच्या टपालघराला पत्र द्यावं, असंच चालत आलंय. त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. पत्रं नेण्या-आणण्याचं काम पोस्टफिक्स करतो, पत्रं पेटीत ठेवून आपल्याला दाखवण्याचं काम डव्हकॉट. डव्हकॉट म्हणजे कबुतरखाना. हे नाव मला फार आवडलं.

आधी नाव विकत घ्यायचं होतं, म्हणजे पत्त्यातला 'ॲट'च्या पुढचा भाग. वर्षाला हजाराच्या आत काम झालं. पण कोणतं नाव घ्यायचं यावर आमची बैठक दोन तास चालली. कुणी शक्ती म्हणे, कुणी मुक्ती. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात वडील ताई म्हणाल्या, "अगं, तिचा फोन नवऱ्याच्या हातात असतो, सासूच्या हातात असतो. असलं नाव दिसलं तर तिची काय गत होईल?" आम्ही सगळ्या गप्प. मग शिवणक्लासला शोभेल असं नाव घेतलं. पत्राचा विषयही तसाच लिहायचं ठरलं. ही गोष्ट कुठलाही इंजिनिअर आम्हाला सांगू शकला नसता.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीनं घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स घातलं. दोन दिवस खटपट केली, पण गाडी पुढं जाईना. घरच्या इंटरनेटचा पत्ता सारखा बदलत होता. शिवाय सर्व्हर एकमेकांना पत्र देतात ते पंचवीस नंबरच्या दारातून, आणि घरगुती जोडणीवर बऱ्याच कंपन्या ते दार बंदच ठेवतात. विषाणू शिरलेले संगणक तिथून जाहिरातींचा पाऊस पाडतात म्हणून. मग महिन्याच्या भाड्यानं एक छोटा सर्व्हर घेतला, किलोभर तुपाच्या पैशांत. आमच्या नावाची पत्रं कुठं आणून टाकायची, ती नोंद केली. तिला एमएक्स म्हणतात. पहिलं पत्र आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि आम्ही दोघी मावशी-भाची चहा करत होतो!

पत्र येणं सोपं, जाणं अवघड, हे मात्र फार महागात शिकलो. जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या तालुक्यातल्या एका बाईनं लिहिलं. आम्ही त्याच दिवशी उत्तर दिलं, वकीलबाईंची वेळ कळवली. पंधरा दिवसांनी ती दारात उभी. "ताई, तुम्ही उत्तरच दिलं नाही." तिचा फोन बघितला, तर आमचं पत्र स्पॅममध्ये, न उघडलेलं. वकीलबाईंची वेळ केव्हाच टळून गेलेली. माझ्या हातापायातलं बळच गेलं. तिच्या कपाळावरची खूण नवी होती. मी काही विचारलं नाही.

चूक आमचीच होती. नव्या, लहान सर्व्हरवर मोठ्या कंपन्या चटकन विश्वास टाकत नाहीत. आपल्या नावानं पत्र टाकायची मुभा कुणाला, ही यादी म्हणजे एसपीएफ. पत्रावर लाखेच्या मोहोरेसारखी खूण करायची ती डीकेआयएम. आणि या तपासण्यांत न बसणाऱ्या पत्राचं काय करावं, हे सांगणारी नोंद म्हणजे डीमार्क. शिवाय सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून उलट शोधलं तरी आमचंच नाव निघायला हवं. यातलं निम्मं भाचीनं 'परीक्षेनंतर करू' म्हणून ठेवलं होतं आणि मीही तगादा लावला नव्हता. त्याच फेब्रुवारीत गूगल आणि याहू यांनी हे नियम आणखी कडक केले. तोवर आमचं सगळं जागच्या जागी बसलं होतं. तरीही तेव्हापासून नियमच केलाय, महत्त्वाचं उत्तर पाठवलं की तिनं सांगितलेल्या वेळी फोनही करायचा.

आता दर सोमवारी दुपारी जेवणं आटोपली की मी सर्व्हर बघते. नवे बदल घालते, जागा किती उरली ते पाहते. रोज रात्री कुणी ना कुणी अनोळखी पासवर्ड लावून बघत असतं. कडी वाजत राहते म्हणा ना! चार-पाचदा चुकला की त्याला बाहेर ठेवणारा प्रोग्रॅम आहे. सगळ्या पत्रांची प्रत रोज घरच्या त्या जुन्या संगणकावर उतरते, त्यामुळं तोही वाया गेला नाही. सर्व्हर काही तास बंद पडला तरी पाठवणारे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा खेटे घालतात.

तुम्ही घरच्या पत्रांसाठी एवढा व्याप करावा असं मी मुळीच म्हणणार नाही. फुकटचं खातं ठीक आहे, फक्त त्यात कुणाचा मोबाइल नंबर घातलाय ते आज रात्री बघून ठेवा. आणि आमचाही सर्व्हर काही तिजोरी नव्हे. मशीन शेवटी भाड्याचं, आणि पत्र तिच्या खात्यात पोचलं की एक प्रत तिथं राहतेच.

भाची आता नोकरीला लागली आहे. पासवर्ड दोन बंद पाकिटांत आहेत, एक माझ्याकडे, एक वडील ताईंकडे. गेल्या महिन्यात एका सोमवारी सर्व्हर बघताना त्या शेजारच्या तालुक्यातल्या बाईचं पत्र आलेलं दिसलं. विषयाच्या जागी तिनं लिहिलं होतं, 'ब्लाऊज बरोबर बसला'. आत कोर्टाची पुढची तारीख होती.